उकळलेला विळा

राग माझ्या पाचवीलाच पुजलेला आहे, असं माझी आई म्हणायची. आम्ही नगरचे ख्रिस्ती. पाचवी पुजायची रीत आमच्या घरातून पणजीच्या काळातच गेली होती, म्हण तेवढी मागे राहिली होती. पाचवीला नेमकं काय करतात हे मला वयाच्या तेविसाव्या वर्षापर्यंत ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक करून घ्यावंसं वाटलंही नव्हतं. त्या अज्ञानापायी बाळंतिणींची एक चांगली चालू शकणारी खोली माझ्या हातून बंद पडता पडता राहिली, त्याची ही हकीगत.

लढाईचे दिवस होते. पुण्याला नर्सचं आणि सुइणीचं शिक्षण संपवून मी कोल्हारच्या अलीकडे, प्रवरेकाठच्या एका गावात नोकरीवर गेले. तिथे लोकल बोर्डाचा दवाखाना होता. पेन्शनीला आलेले एक डॉक्टर, एक कंपाउंडर, आणि मागच्या अंगाला नव्यानं बांधलेली चार खाटांची बाळंतिणींची खोली. गावच्या एका बागाईतदारानं ती आईच्या आठवणीसाठी बांधून दिली होती. भिंतींना ताजा चुना, खाली शहाबादी फरशी, खिडकीला जाळी. पहिल्या दिवशी कोणी बघत नाही असं पाहून मी चारही खाटांवर एकेकदा बसून घेतलं, इतका मला आनंद झाला होता.

डॉक्टरांनी त्याच संध्याकाळी मला जमिनीवर आणलं. ते म्हणाले, खोली बांधून आठ महिने झाले, अजून एकही बाळंतीण आलेली नाही. दिवाळीपर्यंत आल्या नाहीत तर रेशनचं धान्य ठेवायला बोर्ड ही खोली देऊन टाकणार आहे. मी म्हटलं, आता मी आले आहे ना. डॉक्टर चष्मा पुसत नुसते हसले. "बाई, जरा दमानं घ्या," एवढंच म्हणाले. दम हा पदार्थ मला आयुष्यात कधी मिळाला नाही.

पहिली बाळंतीण महिन्याभरात आली. शेतकऱ्याची सून होती, बैलगाडीतून आली, कळा सुरू झालेल्या. बरोबर सासू आणि गावची दाई. ही दाई साठीची मुसलमान बाई. पाटलापासून गुराख्यापर्यंत सगळं गाव तिला खाला म्हणायचं, कारण निम्मं गाव तिच्याच हातात जन्मलं होतं. सासूच्या हातात फडक्यात गुंडाळलेला विळा होता. नाळ कापायला त्या भागात घरचा विळाच वापरायचे. फडकं सुटलं तेव्हा पात्याला गोठ्यातलं वाळलेलं शेण चिकटलेलं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आणि माझं डोकं फिरलं. तो विळा मी सासूच्या हातून हिसकावून अंगणात भिरकावला. दगडावर पडून तो खणकन वाजला. खालाला सांगितलं, तुम्ही आत यायचं नाही. म्हातारी खाली उतरली, विळा उचलून पदरानं पुसला आणि वऱ्हांड्यात जाऊन बसली.

बाळंतपण उत्तम झालं. नाळ मी उकळलेल्या कातरीनं कापली, मुलगा गुटगुटीत होता, आणि मी इतकी खूश की दमून पडलेल्या त्या बाईला स्वच्छतेवर एक व्याख्यानही देऊन टाकलं.

पाचव्या दिवशी सासू माझ्यासमोर पदर सावरत उभी राहिली आणि म्हणाली, ज्यानं नाळ कापली ते द्या, पूजेला लागतं. मग मला कळलं ते असं. पाचवीला पाट्यावर सटवाई मांडतात. ज्यानं नाळ तोडली तो विळा तिच्यापुढे ठेवतात, शेजारी कोरा कागद आणि लेखणी. रात्री सटवाई येते आणि पोराच्या कपाळी आयुष्य लिहून जाते. तो विळा पुढे बारा दिवस बाळंतिणीच्या उशाशी राहतो. विळाच नसेल तर सटवाई कुठं येणार, आणि तिनं लिहिलंच नाही तर पोरानं जगायचं कशाच्या जोरावर?

मी हसले. नुसतं नाही म्हटलं असतं तर कदाचित निभावलं असतं. मी हसले, आणि म्हणाले की कातर सरकारी आहे, तिला हळदकुंकू वाहायचं नसतं. दुपारपर्यंत त्यांनी गाडी जुंपली आणि ओली बाळंतीण उन्हातून घरी नेली. त्या मुलाला काहीही झालं नाही, पुढे तो चांगला तालमीत जायला लागला. पण गावात बोभाटा व्हायचा तो झाला. नर्सबाईनं सटवाईला दारातून परत पाठवलं.

पुढचे चार महिने त्या खोलीत मी आणि पाली, दुसरं कोणी नाही. मी स्वस्थ बसणाऱ्यातली नव्हते. घरोघर जाऊन जंतूंविषयी सांगत सुटले. एका अंगणात शेंगा फोडत बसलेल्या बाईनं सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, जंतू दिसत्यात का? मी म्हटलं, नाही, फार बारीक असतात. ती म्हणाली, "मग आमची सटवाई तरी कुटं दिसती?" बाकीच्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. मी तरातरा परत आले आणि रागाच्या भरात चारही खाटांच्या स्वच्छ चादरी पुन्हा धुऊन काढल्या.

श्रावणात नगरहून एक अंमलदार आला. माझ्या खोलीत उभा राहून त्यानं फूटपट्टीनं भिंत मोजली, किती पोती रचता येतील ते बघायला. जाताना मला विचारलं, फरशीला ओल येते का हो? त्यानंतर बराच वेळ मी न्हाणीघरात जाऊन रडले, हे आता सांगायला हरकत नाही.

त्याच आठवड्यात कंपाउंडरांची मुलगी बाळंतपणासाठी माहेरी आली. पारनेरकडे दिली होती. वय वीस, हे तिसरं बाळंतपण. आधीची दोन्ही मुलं धडधाकट जन्मली आणि दोन्ही आठव्या दिवशी गेली. आठव्या दिवशी जबडा बसला, दूध ओढेनात, अंग मागे ताठलं, संपलं. धनुर्वात. मी तिला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तिची आई बाळाची कुंची शिवायला जुनं रेशमी लुगडं फाडत होती. मुलीनं ते कापड आईच्या हातातून काढून घेतलं, घडी घातली आणि ट्रंकेत ठेवून दिलं. मागच्या दोन कुंच्या अजून तिथंच होत्या, कोऱ्या. ह्या वेळी काही शिवायचं नाही, म्हणाली. तिच्या आवाजात रडं नव्हतं, म्हणूनच मला जास्त लागलं.

मी कंपाउंडरांना म्हटलं, काका, तुम्ही रोज स्वतःच्या हातानं सुया उकळता, तुम्ही तरी पोरीला खोलीत आणा. हा माणूस तसा कडू. लढाईमुळे घासलेट कंट्रोलवर होतं आणि स्टोव्हचा डबा ते कुलपात ठेवत. एक भांडं जास्त उकळायचं म्हटलं की कपाळाला आठ्या. पण त्या दिवशी ते माझ्याकडे बघू शकले नाहीत.

"मला पटतं, बाई," ते म्हणाले. "पण घरात माझं कोण ऐकतंय? आणि खरं सांगू का, तिसऱ्या खेपेला सटवाईला दुखवायची माझीच छाती होत नाही."

तर बाळंतपण घरीच, खालाच्या हातून, घरच्या विळ्यानं होणार होतं. मी तशीच उठले आणि खालाच्या घरी गेले. भांडायलाच गेले होते, खोटं कशाला सांगू.

ती दारात बसून बाजरी निवडत होती. मला बघून तिनं सूप बाजूला ठेवलं, बसायला गोणपाट टाकलं आणि आत जाऊन गुळाचा चहा करून आणला. समोर चहाचा कप आला की भांडण सुरू करणं कठीण जातं. मग तीच म्हणाली, इळा फेकलास ते मी कवाच इसरले, पोरी. पण एक सांग, आठव्या दिवशी काय हुतं?

मी सांगितलं. शेणामातीतली घाण पात्यावरून नाळेत जाते, वर चुलीतली राख दाबतात ती पण तशीच, ते विष अंगात भिनायला आठवडा लागतो. त्या दिवशी पहिल्यांदाच मी कोणाला व्याख्यान न देता काही सांगितलं असेन. तिनं सूप पुन्हा पुढे ओढलं.

"आठव्या दिशी मी त्या गल्लीनं जात न्हाई," ती म्हणाली. "सुईणपन करते तवापास्नं. बाळातपन केलं की आठव्या दिशी कोल्हारला लेकीकडं जाऊन बसते. लोकास्नी वाटतं म्हातारीला लेकीची लई माया. पन मला त्या घरातलं रडनं ऐकवत न्हाई."

मला स्वतःची अतिशय लाज वाटली. ही बाई निष्काळजी आहे, अडाणी आहे, असं धरून मी तिला वऱ्हांड्यात बसवलं होतं. आणि माझ्या कितीतरी आधीपासून ती त्या आठव्या दिवसाचा धसका उरात घेऊन हिंडत होती. मी माफी मागितली. तिनं ती हातानंच झटकून टाकली. मग थोड्या वेळानं म्हणाली:

"तुजी कातरी उकळून चांगली हुती न्हवं? मग इळाच उकळ की. त्यो बी लोखंडच हाय."

मी चहाचा कप तसाच हातात धरून बसले. पुण्यात तीन वर्षं घासून शिकले होते, आणि हे मला सुचलं नव्हतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय.

डॉक्टर आधी खो खो हसले, मग गंभीर झाले आणि बोर्डाच्या नियमांचं पुस्तक काढून बसले. दुपारभर वाचून त्यांनी निकाल दिला की नियमात विळ्याचा उल्लेखच नाही, त्याअर्थी मनाईही नाही. खालाला खोलीत घेण्याबद्दल मात्र त्यांनी आम्हा दोघींना समोरासमोर बसवलं. माझ्या अटी होत्या: नखं कापायची, साबणानं कोपरापर्यंत हात धुवायचे, नाळेला राख लावायची नाही, उकळलेलं फडकंच बांधायचं. खालाची अट एकच होती. तिला वऱ्हांड्यात बसवायचं नाही. राख सोडायला तिला जड गेलं, आणि खोलीत दुसऱ्या कोणाचं ऐकायला मला. डॉक्टर म्हणाले, ह्या बाईंपेक्षा म्हातारी लवकर सुधारेल.

पहिला विळा आम्ही कंपाउंडरांच्याच घरचा घेतला, नुसता उकळून बघायला. सुया-कातरी उकळायच्या आमच्या तसराळ्यात तो मावेचना, वाकडा तो वाकडाच. शेवटी कंपाउंडरांच्या बायकोनं घरून मोठं पातेलं आणलं, पण कुरकुरत. घासलेट वाचावं म्हणून अंगणात तीन दगड मांडून बाभळीच्या लाकडांवर पाणी ठेवलं. अर्ध्या तासात विळ्याची लाकडी मूठ सैल होऊन तरंगायला लागली. खाला हसली, मी चिडले, कंपाउंडर म्हणाले मी सांगितलंच होतं, जे त्यांनी मुळीच सांगितलं नव्हतं.

पण पाणी. पाणी आधी पिवळं झालं, मग तपकिरी, वर शेणकट फेस आला, आणि असा वास सुटला की बैल दारात बांधल्यासारखा. कंपाउंडरांच्या बायकोनं नाकाला पदर लावला आणि वाकून पातेल्यात बघितलं. हा विळा तिनं आदल्या दिवशी स्वतः घासून ठेवलेला होता. एवढी घाण ह्याच्यात होती? तिनं विचारलं. मग ती मुलीकडे वळली. मुलगी ओट्याच्या कडेला उभी होती आणि तीही त्या पाण्याकडेच बघत होती. मागच्या दोन बाळंतपणांतल्या विळ्यांचा विचार दोघींच्या मनात आला असणार. आईनं ते पाणी फेकलं, पातेलं घासलं, नवं पाणी भरलं आणि विळा पुन्हा आत टाकला. जंतू दिसत्यात का म्हणून विचारणाऱ्या बाईला मी दुसऱ्या दिवशी मुद्दाम बोलावून पातेल्यापाशी उभं केलं.

मुठीचा प्रश्न कंपाउंडरांनी सोडवला. हातोडीनं मूठ ठोकून काढायची, नुसतं पातं उकळायचं, धरायला उकळलेलं फडकं गुंडाळायचं, आणि पूजेच्या आधी मूठ पुन्हा बसवून द्यायची. हे काम त्यांनी स्वतःकडे घेतलं आणि शेवटपर्यंत दुसऱ्या कोणाला करू दिलं नाही.

भाद्रपदातल्या एका सकाळी कंपाउंडरांची मुलगी खोलीत आली आणि न्याहारीच्या वेळेला बाळंत झाली. मुलगी झाली. डोकं खालानं झेललं, नाळ मी कापली, त्यांच्याच विळ्यानं. कातरीपेक्षा विळा धरायला अवघड, पण कापतो झकास. डॉक्टरांनी रजिस्टरात लिहिलं: हत्यार, विळा, उकळलेला. मग पेन खाली ठेवून म्हणाले, नोकरीत हे पहिल्यांदाच लिहितोय.

पाचवी आम्ही खोलीतच पुजली, त्या शहाबादी फरशीवर. सटवाई कशी मांडायची ते सांगायला मुसलमान खाला, आणि ताट धरायला मी ख्रिस्ती. हळदकुंकू लावलेला विळा पाट्याशेजारी ठेवला. लेखणी सापडेना, तेव्हा डॉक्टरांनी खिशातलं फाउंटन पेन काढून दिलं. सकाळी ते सगळ्यांना विचारत होते, शाई किती उरली हो?

पुढचं आधीच सांगून टाकते, म्हणजे मागचं नीट सांगता येईल. दिवाळीनंतर तो अंमलदार पुन्हा आला तेव्हा तीन खाटा भरलेल्या होत्या आणि भिंतीला खुंट्यांवर फडक्यात गुंडाळलेले विळे ओळीनं टांगलेले होते, प्रत्येकावर घरची खूण. हा दवाखाना आहे की लोहाराची शाळा, त्यानं विचारलं. डॉक्टरांनी त्याला रजिस्टर दाखवलं. पोती चावडीत गेली. नंतर तर घरीच बाळंत होणाऱ्या बायकाही सातव्या महिन्यात विळा पाठवून द्यायच्या, उकळून बांधून न्यायला. कोल्हारच्या बाजारच्या दिवशी कंपाउंडरांच्या हातोडीला विसावा नसे. सगळी मुलं वाचली असं मी म्हणणार नाही. वाचली त्यांतली कितीतरी पुढे मला रस्त्यात भेटायची आणि मी उगाच त्यांना दटावायची.

पण हे सगळं नंतरचं. आठवा दिवस अजून यायचा होता.

सहाव्या दिवसापासून कंपाउंडरांची पोरगी बाळाच्या तोंडाकडे बघत राहायची. दूध पिताना ते जरा थांबलं की तिचा श्वास थांबायचा. मी तिला म्हणाले, अगं काही होणार नाही. पण म्हणताना माझा मलाच भरवसा नव्हता, आणि ते तिला दिसलं. सातव्या दिवशी मी प्रार्थना केली. कंपाउंडर दवाखान्यात येऊन चुकीच्या बाटलीत चुकीचं औषध ओतत होते, डॉक्टरांनी त्यांना घरी बसवलं.

आठव्या दिवशी सकाळी मी खोलीचं दार उघडलं तर पायरीवर खाला बसलेली. मला वाटलं होतं ती कोल्हारला गेली असेल. तिनं चप्पल काढली, कोपरापर्यंत हात धुतले, न सांगता, साबणानं, आणि आत येऊन खाटेजवळ खाली बसली. दिवसभर उठली नाही. जेवायला गेली नाही. पोरीची आई दाराशी, मी खिडकीशी.

ऊन उतरायला लागलं तेव्हा बाळ जागं झालं आणि बारीक रडलं. पोरीनं पदराखाली घेतलं, पण तिला जमेना. बाळाचं तोंड मिटलं. तिनं माझ्याकडे पाहिलं, आणि मी जागची हलू शकले नाही.

खालानं हात पुढे केला. करंगळी बाळाच्या ओठांवर टेकवली, अलगद आत सरकवली आणि डोळे मिटून घेतले. आम्ही तिघी तिच्या तोंडाकडे बघत होतो. तिनं करंगळी बाहेर ओढायचा प्रयत्न केला. मग पुन्हा ओढली.

"सोडत न्हाई गं," ती म्हणाली, आणि रडायला लागली. "लई जोरात वढतीया. सोडतच न्हाई."

पोरीनं बाळ जवळ घेतलं. ह्या वेळी जमलं. चुटूचुटू दूध ओढल्याचा आवाज त्या खोलीत सगळ्यांना ऐकू येत होता, आणि आम्ही चौघीजणी तो ऐकत बसलो. बऱ्याच वेळानं पोरीनं मान वर केली आणि आईला म्हणाली, घरी जाऊन ट्रंकेतलं ते रेशमी कापड घेऊन ये, आणि सुईदोरा आण.